धाड पडली, तिथून पुढे: पलावानच्या ३,८३१ कासवांचं प्रकरण

१७ जून २०१५ या दिवशी फिलिपिन्सच्या पलावान बेटावर, दक्षिणेकडच्या बाताराझा इथे एका गोदामावर धाड पडली. आत सिमेंटची टाकी होती आणि टाकीत कासवं होती, थरावर थर रचल्यासारखी. मोजदाद झाली तेव्हा एकाच जातीची ३,८३१ कासवं निघाली. ती जात म्हणजे फिलिपिन्सचं रानकासव, याच बेटाच्या उत्तर भागातल्या ओढ्यांमध्ये राहणारं. त्यांच्यासोबत १६० आशियाई पानकासवं आणि २५ पेटीकासवं होती. माल चीनच्या बाजारासाठी गोळा केलेला होता.

या जातीसाठी आयुष्याची वर्षं घातलेल्या अभ्यासकांनीही तिची इतकी कासवं एकत्र कधी पाहिली नव्हती. रानात एक दिसलं तरी रात्र सार्थकी लागायची.

आपल्याकडे अशी बातमी चार ओळींत येते. कासवं जप्त, गुन्हा दाखल, तपास सुरू. टेबलावर मांडलेल्या कासवांमागे गणवेशातली माणसं उभी असलेला फोटो छापून येतो आणि वाचणारा पान उलटतो. मीही कितीतरी वेळा उलटलं आहे. पण टाकीतल्या कासवाच्या बाजूनं पाहिलं तर धाड हा फक्त पहिला दिवस. चार हजार उपाशी, जखमी जनावरं ठेवायची कुठे, त्यांना पाणी कुठलं, औषध कोण देणार, आणि परत नेऊन सोडायची तर कुठल्या ओढ्यात? हे सगळं काही दिवसांत ठरवावं लागलं, तेही अशा प्राण्याबाबत जो माणसाच्या हाती फार काळ तगत नाही. म्हणून हे प्रकरण मला धाडीपेक्षा धाडीनंतरच्या दिवसांसाठी महत्त्वाचं वाटतं.

चुकीच्या बेटाचं नाव

आधी या कासवाची ओळख करून घेऊ, कारण पुढचं बरंच काही तिच्यातून उलगडतं.

अमेरिकी सरीसृपतज्ज्ञ एडवर्ड टेलर यांनी १९२० साली या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. नमुने फिलिपिन्सच्याच लेते बेटावरचे, अशी नोंद झाली आणि म्हणून जातीचं नाव पडलं ‘लेतेन्सिस’. ते मूळ नमुने मनिलात होते. दुसऱ्या महायुद्धात मनिला बेचिराख झाली आणि त्यात तेही गेले. मग उरलं काय, तर एक वर्णन, एक बेटाचं नाव आणि संग्रहालयांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने. लेतेवर शोधणाऱ्यांना काही सापडत नव्हतं. जात बहुधा संपली, असं मानण्यापर्यंत गोष्ट आली होती.

पलावान फिलिपिन्समध्ये असलं तरी तिथले प्राणी बोर्निओच्या जवळचे आहेत. रानकासवाचं सगळ्यात जवळचं भावंड, काळं दलदली कासव, हेही बोर्निओ आणि मलाया भागातलं. या बाजूनं विचार केला तर लेतेपेक्षा पलावान जास्त पटण्यासारखं. १९८०च्या दशकात पलावानकडे बोट दाखवणारे एक-दोन नमुने पुढे आले, आणि २००१ मध्ये उत्तर पलावानच्या रानात हे कासव जिवंत सापडलं. आर्विन डिएस्मोस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तो शोध प्रसिद्ध केला. लेतेची नोंदच चुकीची असावी, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. नाव मात्र शास्त्राच्या नियमाप्रमाणे तेच राहिलं.

पलावानच्या लोकांसाठी ते कधीच हरवलं नव्हतं. ते त्याला ‘बकोको’ म्हणतात.

इथे आपल्या सह्याद्रीची आठवण होणं साहजिक आहे. घाटाच्या दक्षिण भागातल्या सदाहरित रानात एक तळहाताएवढं वेतकासव आहे. १९१२ साली त्याचं वर्णन झालं आणि पुढची ७० वर्षं ते अभ्यासकांच्या नजरेला पडलं नाही. १९८२ मध्ये जे. विजया या तरुण संशोधिकेनं केरळच्या रानात ते पुन्हा शोधलं. त्या भागातल्या कादर लोकांना ते चांगलं माहीत होतं. विजया १९८७ मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या. २००६ मध्ये त्या कासवाच्या प्रजातीला ‘विजयाचेलिस’ हे नाव मिळालं. दोन रानांची ही कथा इतकी सारखी आहे की पलावानचं वाचताना सारखं वाटत राहतं, आपल्या वेतकासवावर बाजाराची तशी नजर पडली असती तर?

कारण पलावानमध्ये ती पडली. सत्तर-ऐंशी वर्षं ‘हरवलेलं’ कासव सापडलं ही बातमी जशी अभ्यासकांनी वाचली, तशी ती दुर्मीळ प्राणी पाळणाऱ्या हौशी संग्राहकांनीही वाचली. शोध प्रसिद्ध झाला आणि पाठोपाठ हे कासव मनिलाच्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात, तिथून परदेशात दिसू लागलं. दुर्मीळ असणं हाच त्याच्या किमतीचा आधार. अभ्यासकांना ठिकाण लिहिल्याशिवाय संरक्षण मागता येत नाही, आणि लिहिलेलं ठिकाण चोरालाही वाचता येतं. या पेचातून सुटण्याची सोपी वाट मला दिसत नाही. शोध दडवून ठेवायला हवा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या शोधामुळेच पुढे पलावानमध्ये या कासवासाठी काम उभं राहिलं, आणि २०१५ मध्ये तेच काम धावून आलं.

ओढ्यातलं आयुष्य

रानकासवाची पाठ जास्तीत जास्त ३० सेंमी भरते. रंग तपकिरी, मातकट. कानामागून डोक्यावर जाणारा एक फिकट पट्टा आणि पोटाकडच्या ढालीला पंख्याच्या आकाराची खाच, या दोन खुणांवरून ते ओळखता येतं. सखल रानातले स्वच्छ, सावलीचे ओढे हे त्याचं घर. दिवसा ते काठच्या बिळात, दगडांच्या कपारीत लपतं आणि रात्री बाहेर पडतं.

मादी एका वेळी एखाद-दुसरंच अंडं घालते. समुद्रकासवाशी तुलना केली की याचा अर्थ नीट कळतो. वेळासच्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले मादी एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी घालते. त्यातली बहुतेक पिल्लं मोठी होत नाहीत, पण आकडा मोठा असल्यानं काही तरतात. रानकासवाचा सगळा भरवसा वाढलेल्या कासवांवर असतो. वयात आलेली मादी वर्षानुवर्षं जगली आणि दर वर्षी थोडी थोडी अंडी देत राहिली, तर ओढ्यातली संख्या टिकते. ती मादीच उचलली तर ते भोक अंड्यांनी भरून निघायला कित्येक वर्षं लागतात. चोरटी शिकार नेमकी याच कासवांना गाठते, कारण मोठं कासव दिसतं लवकर आणि किंमतही चांगली आणतं.

आता ३,८३१ हा आकडा पुन्हा पाहा. काही जण म्हणाले, इतकी सापडली म्हणजे जात वाटली तेवढी दुर्मीळ नाही. हा हिशेब मला मुळातच उलटा वाटतो. तळ्यातलं पाणी उपसून बादल्या भरल्या आणि बादल्या मोजून तळं भरलेलं आहे म्हणालो, तसं आहे हे. टाकीत जेवढी कासवं होती तेवढ्यांनी तिकडे उत्तरेतले ओढे रिकामे झाले होते.

दक्षिण टोकालाच का?

पलावान हे लांबट, चिंचोळं बेट. ईशान्येपासून नैऋत्येपर्यंत चारशे किलोमीटरहून लांब. रानकासवाचा मुलूख उत्तरेत, तायताय, रोहास, सान विसेन्ते, दुमारान या भागात. बाताराझा पार दक्षिणेत. तिथून बालाबाक बेटांपलीकडे मलेशियाचा साबाह प्रांत येतो. म्हणजे ही कासवं त्यांच्या ओढ्यांतून उचलून जवळजवळ अख्ख्या बेटाची लांबी पार करून आणलेली होती.

हे एका खेपेचं काम नाही. ओढ्यावरून कासव उचलणारा माणूस बहुतेक वेळा गरीब असतो आणि त्याच्या हातात पडणारे पैसे थोडे. त्याच्याकडून गावचा गोळा करणारा, त्याच्याकडून मोठा दलाल, अशी साखळी चालते. दलालाला जहाज भरेल इतका माल होईपर्यंत थांबावं लागतं, आणि कासव ही त्याच्या दृष्टीनं सोयीची वस्तू. ते ओरडत नाही, आठवडेच्या आठवडे न खाता जगतं, रचून ठेवता येतं. टाकीतली कित्येक कासवं महिनोनमहिने तशीच पडलेली होती. कासवाची चिवट प्रकृतीच त्याच्या हालांची मुदत वाढवते, हे लिहितानाही जड जातं.

मागणीचं मूळ चीनमध्ये आहे. मांसासाठी, औषधी समजुतींसाठी आणि पाळण्यासाठी तिथे कासवांना मोठा बाजार आहे. १९९०च्या दशकात तो इतका वाढला की आग्नेय आशियातल्या एकेका देशातली कासवं संपत गेली आणि व्यापारी पुढच्या देशाकडे वळत गेले. पलावान त्या वाटेवरचं एक ठिकाण. फिलिपिन्समध्ये २००१ पासून वन्यजीव कायदा आहे, पलावानसाठी स्वतंत्र पर्यावरण परिषद आहे, सगळं बेट १९९०पासून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत आहे. आंतरराष्ट्रीय यादीत रानकासव ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. कागदाची कमतरता कुठेच नव्हती.

पहिले दिवस

जप्त कासवं पुएर्तो प्रिन्सेसा शहराजवळच्या वन्यजीव बचाव केंद्रात हलवली. हे केंद्र मुळात मगरींसाठी उभारलेलं. पलावानमध्ये या जातीची नस माहीत असलेली संस्था एकच होती, नारा गावची कताला फाउंडेशन. ‘कताला’ म्हणजे तिथला काकाकुवा. संस्थेचं पहिलं काम त्या पक्ष्यासाठी होतं, पण सबीन शॉपे यांच्या पुढाकारानं तिथे गोड्या पाण्यातल्या कासवांचा प्रकल्प बरीच वर्षं चालू होता. तो मोजक्या कासवांच्या हिशेबानं उभा केलेला. चार हजारांची कल्पना कोण करणार?

कतालानं बाहेर हाक दिली. टर्टल सर्व्हायव्हल अलायन्स, सिंगापूरचं प्राणिसंग्रहालय चालवणारी वाइल्डलाइफ रिझर्व्ज सिंगापूर अशा संस्थांनी पशुवैद्य, कासवं हाताळण्याचा अनुभव असलेली माणसं आणि साहित्य पाठवलं. स्थानिक स्वयंसेवक आले.

उपाशी कासवाला थेट खायला घालून चालत नाही. आधी त्याच्या अंगातलं पाणी भरून काढावं लागतं, म्हणून त्याला उथळ, स्वच्छ पाण्यात ठेवतात. मग जखमा पाहतात. गर्दीत एकमेकांचे चावे बसलेले असतात, डोळे सुजलेले असतात, घाण पाण्यात राहून कवच जागोजागी कुजतं. कवच म्हणजे निर्जीव पेटी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वरच्या पातळ खवल्याखाली जिवंत हाड असतं. तिथला जंतुसंसर्ग रक्तात उतरला की पोटाच्या ढालीवर लालसर झाक दिसू लागते. तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. हे सगळं एका कासवाच्या बाबतीत तपासायला किती वेळ लागेल याचा अंदाज घ्या आणि त्याला चार हजारांनी गुणा. पाणी रोज बदलायचं, हेच काम माणसाची पाठ मोडणारं.

त्यामुळे वर्गवारी करणं भाग होतं. जी धडधाकट आहेत ती वेगळी, ज्यांना थोडे उपचार पुरतील ती वेगळी, आणि जी अत्यवस्थ आहेत ती वेगळी. युद्धाच्या छावणीत डॉक्टर जसं करतात तसंच. दिसायला क्रूर, पण याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

सोडायची की ठेवायची

या प्रकरणातला खरा निर्णय हा होता आणि तो सोपा अजिबात नव्हता.

जप्त प्राण्याबाबत पुस्तकी शहाणपण सावधगिरीचं आहे. पुरेसे दिवस विलगीकरणात ठेवा, रोगांच्या चाचण्या करा, जनुकीय तपासणी करून मूळ ठिकाण शोधा आणि मगच सोडा. कारणंही पक्की आहेत. टाकीत तीन जातींची कासवं एकत्र होती, एकीचा रोग दुसरीला लागला असू शकतो. तो घेऊन एखादं कासव ओढ्यात गेलं तर मागे राहिलेली निरोगी कासवंही धोक्यात. शिवाय कुठलं कासव कुठल्या ओढ्यातलं, हे सांगणारं कोणीच नव्हतं.

दुसऱ्या बाजूला या जातीचा स्वभाव. रानकासव भित्रं आहे आणि तितकंच भांडखोर. बंदिस्त जागेत ते खाणं सोडतं, शेजारच्याला चावतं, कवचावर फोड येतात, आणि बरं दिसणारं कासवसुद्धा खंगत जातं. कतालाच्या लोकांना हे अनुभवानं माहीत होतं. म्हणजे सावधगिरी म्हणून घालवलेला प्रत्येक आठवडा काही कासवांचा जीव घेणार, हे उघड होतं.

त्यांनी वेग निवडला. जी कासवं तपासणीत ठणठणीत वाटली ती थोडे दिवस निरीक्षणाखाली ठेवून टप्प्याटप्प्यानं उत्तर पलावानच्या योग्य रानांत सोडली. आजारी कासवांवर उपचार करून ती सुधारतील तशी पुढच्या तुकड्यांत नेली. अखेरीस तीन हजारांहून अधिक कासवं परत पाण्यात गेली. शेकडो दगावली.

मला तो निर्णय बरोबर वाटतो, आणि कारण फक्त परिणाम नाही. पलावानमध्ये रोगाचा धोका संभवनीय होता, बंदिवासातलं मरण मात्र खात्रीचं होतं. दुसरं असं की सगळी कासवं याच बेटाच्या उत्तर भागातली, तेव्हा ‘घर’ निदान अंदाजानं तरी ठाऊक होतं. जातीचा मुलूख इतका छोटा असणं हे एरवी तिचं दुर्दैव, या एका वेळी ते उपयोगी पडलं.

आपल्याकडच्या तारा कासवाला ही सोय नाही. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं हे कासव भारतातून सर्वात जास्त चोरून नेल्या जाणाऱ्या कासवांपैकी एक. विमानतळांवर, रेल्वे स्थानकांवर ते पिशव्यांत भरलेलं सापडतं. भारतात त्याचा मुलूख दोन वेगळ्या भागांत आहे, वायव्येला गुजरात-राजस्थान आणि दक्षिणेला कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू, आणि दोन्हीकडची कासवं जनुकीयदृष्ट्या वेगळी. मुंबईत पकडलेल्या पिशवीतलं कासव यातलं कुठलं, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ तारा कासवं बंगळूरला परत आली, तेव्हाही त्यांना थेट रानात सोडता आलं नाही. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वात कडक बंदी आली.

आणि तरीही ते आपल्या घरांत आहे. देवळाच्या सभामंडपात दगडी कासवाला नमस्कार करून आपण आत जातो, ते कासव आपल्या संस्कृतीत इतकं आपलं आहे. त्याच आपलेपणातून कोणी घरात शुभ म्हणून जिवंत कासव आणून ठेवतं, काचेच्या पेटीत, कोबीचं पान घालून. हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. ते कासव कोणाच्या तरी पिशवीतून आलं, आणि त्या पिशवीतली बाकीची वाटेत मेली असतील, हेही त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. असं घर तुमच्या ओळखीत असेल तर वनखात्याला कळवून कासव त्यांच्या हवाली करायला सांगा. जवळच्या तळ्यात किंवा नदीत अजिबात सोडू देऊ नका. तारा कासव जमिनीवरचं आहे, ते पाण्यात बुडून मरतं.

नाराच्या आवारात

धाडीच्या कितीतरी आधीपासून कतालाकडे थोडी रानकासवं राखीव म्हणून ठेवलेली होती. रानातली संपलीच, तर निदान बीज उरावं यासाठी. दहा वर्षांहून अधिक काळ ती तिथे होती आणि त्यांच्यापासून एकही पिल्लू झालं नव्हतं. आवारात ओढ्यासारखं पाणी, सावली आणि लपायला जागा केली, नर-माद्यांच्या जोड्या बदलून पाहिल्या, अंडी कधी घातली जातात यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं.

२०१८ मध्ये तिथे पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. बंदिवासात जन्मलेलं जगातलं पहिलं फिलिपाइन रानकासव. धाडीला तेव्हा तीन वर्षं झाली होती. टाकीतून सुटलेली कासवं उत्तरेतल्या ओढ्यांत होती, दिवसा काठच्या बिळात, रात्री पाण्यात. ते ओढे नेमके कुठले, हे मी इथे लिहिणार नाही.